जिप्सीपासून ऑफ-रोड पिकअप: आधी टायर, मग चासी, पत्रा सगळ्यात शेवटी

पिकअप बनवायला घेणारे बहुतेक जण बॉडीच्या चित्रापासून सुरुवात करतात. केबिन उभी राहते, डाला (मागचा सामानाचा भाग) बसतो, मग मोठा टायर पत्र्याला घासायला लागतो. म्हणून गाडी उंच करायची, उंच केली की प्रॉपेलर शाफ्टचा (चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, तो सांभाळायला ट्रान्स्फर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) हलवायची, आणि तोवर पैसे संपलेले असतात. क्रम उलटा हवा. टायरचा व्यास ठरवा, त्यावरून गिअरचं गणित करा, गणितावरून चासीची लांबी आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) ठरवा. पत्रा सगळ्यात शेवटी, कारण तोच एक भाग हवा तसा कापता येतो.

एक गोष्ट काम हातात घेण्याआधीच पक्की करा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. चासी लांबवलेली, बॉडी बदललेली गाडी खासगी जमिनीवर किंवा बंदिस्त ट्रॅकवर चालवायची. तिथवर ती ट्रकवर लादून न्यायची. "आरटीओत ओळख आहे" हा उपाय नव्हे, अपघातानंतर विमा कंपनी असल्या ओळखी विचारत नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या स्पर्धेची नियमावली पाइप कापण्यापूर्वी वाचा, नंतर नाही.

मूळ गाडी कोणती

इथे मारुती जिप्सी किंग धरली आहे: १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाडीत सुमारे ८० बीएचपी, २३७५ मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आणि पाटे. वजन हजार किलोच्या आसपास. तिची खरी सोय म्हणजे ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मधे एक छोटा शाफ्ट आहे. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर जागेवर ठेवून मागची चासी लांबवता येते, आणि बदलावा लागतो तो फक्त मागचा प्रॉपेलर शाफ्ट.

विकत घेताना इंजिनपेक्षा चासी पाहा. लिलावातली गाडी असो की डोंगरातली, गंज आतून लागतो. मागच्या पाट्यांचे हँगर (पाटे चासीला धरणारे कंस), बॉडी माउंटच्या खालची बाजू आणि मागच्या अॅक्सलवरची कमान, या तीन जागी टोकदार हातोडीने ठोका. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर ती चासी सोडा. इंजिन पुन्हा बांधता येतं. कुजलेल्या चासीवर मात्र नवं वेल्डिंगही टिकत नाही, जोडाच्या शेजारचा पातळ पत्रा फाटतो.

टायर आणि गिअरचं गणित

जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर१५, व्यास सुमारे ६६८ मिमी. आपण ३१×१०.५ आर१५ घेऊ, प्रत्यक्ष व्यास साधारण ७७५ मिमी. म्हणजे १६ टक्के मोठा. डिफरन्शियलखालची (अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखालची) जागा व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे ५३ मिमीने वाढते. ही जागा फक्त टायर देतो. पाटे कितीही उंच केले तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तितक्याच अंतरावर राहतो. उंची वाढवून मिळते ती चासीखालची जागा, आणि तिची किंमत म्हणून गुरुत्वमध्य वर जातो.

आता गिअर. पहिला ३.६५२, ट्रान्स्फरचा लो २.२६८, क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) ३.९०९. तिन्हींचा गुणाकार ३२.४. मोठ्या टायरमुळे तो प्रत्यक्षात २७.९ इतकाच जाणवतो. म्हणजे खडकाळ चढावर क्लच अर्धा दाबून धरावा लागेल, आणि एका दिवसात क्लचप्लेट जळेल. परदेशात याच घराण्यातल्या सुझुकी सामुराईसाठी ट्रान्स्फरचे ४.१६ आणि ४.९ लो रेशोचे गिअर सेट मिळतात. ४.१६ चा सेट बसवला तर गुणाकार ५९.४ होतो, आणि ८०० आरपीएमच्या आयडलवर गाडी ताशी सुमारे २ किलोमीटरने सरकते. दगडावर ब्रेक आणि क्लच दोन्ही सोडून फक्त स्टीअरिंगवर लक्ष देता येतं, ते या आकड्यामुळे. सेट मागवताना हाय रेशोही बदलतो का, हे विचारून घ्या.

जुन्या बाजारातून डिफरन्शियल आणलं तर झाकणावरच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, दात मोजा. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ११ दात म्हणजे ३.९०९. पुढचं आणि मागचं वेगळ्या रेशोचं बसलं तर फोर-व्हील टाकताच ट्रान्स्फर आवळली जाते आणि कडक जमिनीवर काहीतरी तुटतंच.

इंजिन बदलायचा मोह होईल. डिझेल इंजिन टाकता येतं, पण नाकावर वजन वाढतं आणि अॅडॅप्टर प्लेट बनवावी लागते. तिचा मध्य क्रँकच्या मध्याशी ०.१ मिमीच्या आसपास जुळला नाही, तर गिअरबॉक्सचा इनपुट बेअरिंग आणि क्लचप्लेटचा हब वारंवार जातो. लो गिअर बदलून जे काम होतं, त्यासाठी इंजिन बदलू नये.

चासी कापणं आणि लांबवणं

दोन माणसांची केबिन आणि १२०० मिमीचा डाला बसवायला व्हीलबेस २६०० मिमी पुरतो, म्हणजे २२५ मिमीची भर. याहून लांब केलं तर पोट दगडावर टेकतं. पोटाखाली ३०० मिमी जागा धरली, तर मधल्या उंचवट्यावरून जाण्याचा कोन २३७५ च्या व्हीलबेसला सुमारे २८ अंश आणि २६०० ला २६ अंश. दोन अंश परवडतात, पाच परवडत नाहीत.

कापायची जागा म्हणजे ट्रान्स्फरच्या क्रॉस मेंबरच्या मागे आणि मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या आधी येणारा सरळ भाग. आधी बॅटरी काढा, इसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) कनेक्टर सोडा, पेट्रोलची टाकी आणि पाइप उतरवून गाडीपासून लांब ठेवा. चासी सपाट फरशीवर चार घोड्यांवर (स्टँडवर) लेव्हल करा. ओळंबा सोडून पाट्यांच्या चारही हँगरचे बिंदू फरशीवर उतरवा, त्यांचे कर्ण मोजून लिहून ठेवा. कापल्यानंतर हेच आकडे तुमचा आधार असतात. ज्यांनी ते घेतले नाहीत त्यांची गाडी पुढे खेकड्यासारखी तिरकी चालते, आणि मग दोष अलाइनमेंटवाल्याला.

साइड मेंबर (चासीची लांब बाजू) सरळ उभा कापू नका. बाजूने पाहिल्यावर ४५ अंशांचा तिरका काप हवा. उभ्या जोडावर सगळा ताण एकाच रेषेत येतो, तिरक्यावर तो पसरतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे काप एकमेकांसमोर येऊ न देता किमान १०० मिमी पुढे-मागे ठेवा. कापलेल्या तोंडावर व्हर्नियरने जाडी मोजा आणि भर घालायचा तुकडा त्याच जाडीच्या माइल्ड स्टीलचा बनवा. फार जाड तुकडा घातला तर तो वाकत नाही, आणि शेजारची मूळ चासी वाकते. तडा तिथेच जातो.

आत ५२५ मिमी लांबीची स्लीव्ह सरकवा: २२५ ची भर आणि दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे. बाहेरच्या पेटीला १२ मिमीची छिद्रं साधारण ५० मिमी अंतरावर पाडून त्यातून स्लीव्हला प्लग वेल्ड करा (छिद्र वेल्डने भरा). मग जोडावर बाहेरून पट्टी, जिची दोन्ही टोकं निमुळती असतील. ही पट्टी चासीच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर आडवी वेल्ड करू नका. वाकण्याचा ताण तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि वेल्डची आडवी रेष म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण.

वेल्डिंग सीओटूने, ०.८ मिमीची ईआर ७०एस-६ वायर, आणि ३ मिमीच्या पत्र्याला साधारण ११० ते १३० अँपिअर. रॉडनेच करणार असाल तर ७०१८ वापरा, तोही भट्टीत तासभर तापवून कोरडा केलेला. ६०१३ बॉडीच्या कामाला ठीक, चासीला नको. आधी चारी बाजूंनी टाके मारा, दोन साइड मेंबरच्या मधे तात्पुरता अँगल जोडा, कर्ण पुन्हा मोजा. फरक ३ मिमीच्या आत असेल तरच पूर्ण वेल्ड, आणि तोही डावीकडे थोडा, उजवीकडे थोडा असा. एका बाजूचं सगळं एकदम संपवलं की चासी त्या बाजूला खेचली जाते. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा. लांब लावला तर करंट व्हील बेअरिंगमधून किंवा शाफ्टच्या क्रॉसमधून जातो आणि त्यांच्यावर बारीक खड्डे पाडतो. आवाज महिन्याभराने येतो, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाटे

जिप्सीत अॅक्सल पाट्यांच्या वर बसतो. पाटे अॅक्सलवर घेतले तर एकदम पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, आणि ऑफ-रोडवाल्यांत हा बदल लोकप्रिय आहे. या पिकअपसाठी तो करू नका. त्यात नवीन पॅड वेल्ड करावे लागतात, स्टीअरिंगची ड्रॅग लिंक उभी होते, ब्रेकचे होज अपुरे पडतात, आणि जोर दिल्यावर मागचा अॅक्सल पाट्यांना पिळून उचलतो. वर, मागे रिकामा डाला असलेली हलकी गाडी इतकी उंच झाली की आडव्या उतारावर भीती वाटते, आणि ती भीती खरी असते.

५० मिमी उंच कमानीचे पाटे पुरतात. टायरला लागणारी बाकीची जागा पत्र्यातून काढायची. बॉडी आपणच बनवतोय, तर चाकाची कमान हवी तेवढी मोठी कापता येते. मागे डाल्यात २५० किलोपर्यंत सामान धरून एक हेल्पर (जादा) पाटा द्या. पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक धरणारा झुलता दुवा) टाकून उंची चोरू नका. जिप्सीत पुढचे शॅकल पुढच्या टोकाला आहेत, ते लांबले की किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचा) मागचा कल कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही भटकते. कल सुमारे साडेतीन अंश हवा. कमी पडला तर पाटा आणि पॅडमधे स्टीलची पाचर द्या. अॅल्युमिनियमची पाचर चिरडते आणि यू-बोल्ट सैल होतात.

ट्रान्स्फर, शाफ्ट, अॅक्सल

ट्रान्स्फर केस तीन रबरी माउंटवर लटकते. मूळ गाडीतही ती माउंट फाटतात, आणि लो गिअर ४.१६ झाल्यावर तर नक्कीच. केस फिरते, मधला शाफ्ट वाकड्या कोनात जातो आणि क्रॉस तुटतो. नव्या जाड माउंटसोबत केसपासून चासीपर्यंत एक टॉर्क आर्म द्या, दोन्ही टोकांना रबरी बुश.

मागचा शाफ्ट २२५ मिमीने लांब होईल. जुन्या नळीला तुकडा जोडू नका. प्रॉपेलर शाफ्टच्या दुकानात नवीन सलग नळी टाकून घ्या आणि बॅलन्स करून घ्या. देताना तीन गोष्टी सांगायच्या. गाडी चाकांवर उभी असतानाचं फ्लँजपासून फ्लँजपर्यंतचं अंतर. स्लाइडिंग स्प्लाइन (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी भाग) पूर्ण आत जायला किमान २५ ते ३० मिमी उरावं. आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एकाच रेषेत असावेत. योक एक दात चुकून बसले तर शाफ्ट कितीही बॅलन्स केला तरी थरथर राहते. ट्रान्स्फरच्या फ्लँजचा आणि पिनियनच्या फ्लँजचा उतार डिजिटल अँगल गेजने मोजा, दोन्ही समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत.

पुढच्या अॅक्सलमधला कमकुवत दुवा म्हणजे चाकाजवळचा सीव्ही जॉइंट. ३१ च्या टायरवर तो टिकतो, पण स्टीअरिंग पूर्ण वळवून जोरात अॅक्सिलरेटर दिला तर नाही. म्हणून पुढचं डिफरन्शियल साधंच ठेवा आणि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) मागे टाका. डिफरन्शियलमधले स्पायडर गिअर वेल्ड करून "लॉक" करण्याचा जुगाड सगळीकडे चालतो. कोकणातल्या लाल चिखलात तो खपून जातो, कारण चाक घसरून ताण सोडतं. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर टायर चिकटतो, वळताना ताण सुटायला जागा नसते, आणि मग अॅक्सल शाफ्टच पिळून तुटतो. शिवाय वेल्डचे छर्रे आत राहिले तर बेअरिंग खातात.

क्राऊन-पिनियन उघडलंच असेल तर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१३ ते ०.१८ मिमी ठेवा आणि प्रशियन ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून दातांवरचा ठसा पाहा, तो मधोमध हवा. तेल: गिअरबॉक्समध्ये जीएल-४, डिफरन्शियलमध्ये जीएल-५ ८०डब्ल्यू-९०. पुढे साधारण २ लिटर, मागे दीड, ट्रान्स्फरमध्ये ०.८, आणि शेवटचं माप म्हणजे भरायच्या छिद्रातून तेल ओघळेपर्यंत.

दोन्ही अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरचे ब्रीदर (हवा ये-जा करायची छिद्रं) ८ मिमीच्या होजने फायरवॉलच्या उंचीपर्यंत न्या. तापलेला अॅक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. शंभर रुपयांच्या नळीने वाचणारं डिफरन्शियल लोक दरवर्षी घालवतात.

केज, केबिन, डाला

रोल केजला (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याला) प्लंबिंगचा जीआय पाइप चालत नाही. तो शिवणीवर फाटतो, आणि वेल्ड करताना जस्ताचा धूर ताप आणतो. एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमांत मुख्य कमानीसाठी कोल्ड ड्रॉन सीमलेस नळी ४५×२.५ किंवा ५०×२ मिमी, आणि बाकीच्या नळ्या ३८×२.५ किंवा ४०×२ मिमी आहेत. वाक नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट त्रिज्येचा, म्हणजे ४५ ला १३५ मिमी. आतल्या बाजूला सुरकुती पडली तर तो तुकडा भंगारात. ४५×२.५ ची नळी मीटरला २.६ किलो भरते, तेव्हा उगाच आडव्या-तिडव्या नळ्या वाढवू नका. प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटीमीटरची ३ मिमी प्लेट, आणि केबिनचं रबरी माउंट बरोबर त्याच्याखाली. केज थेट चासीला आणि केबिन रबरावर असं केलं, तर चासी पिळते तेव्हा दोघं एकमेकांना ओढतात आणि फरशीचा पत्रा फाटतो.

केबिनचा सांगाडा २५×२५×१.६ च्या चौकोनी नळीचा, मीटरला सुमारे १.१५ किलो. बाहेरचा पत्रा १.२ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलाद), फरशी १.६ मिमी. १.२ चा पत्रा चौरस मीटरला ९.४ किलो भरतो, त्यामुळे कागदावरच केबिनचं वजन काढता येतं. ते काढाच. पत्रा लावताना २५ मिमीचे टाके, एक इकडे एक तिकडे, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा. एका दमात ओढलेल्या वेल्डने पत्र्यावर लाटा येतात आणि मग त्या पुटीने झाकाव्या लागतात. ऑफ-रोड गाडीवरची पुटी पहिल्याच पावसाळ्यात सुटते.

डाला केबिनपासून वेगळा ठेवा, मधे ३० ते ४० मिमी फट. ही फट दिसायला बरी नाही म्हणून अनेक जण दोन्ही एकसंध करतात, आणि केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत तडे जातात. डाला तीन बिंदूंवर बसवला तर उत्तम: पुढे मधोमध एक फिरता आधार, मागे दोन रबरी. फरशीला ३ मिमी अॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट. दीड चौरस मीटरला ती साधारण १२ किलो, स्टीलची त्याच्या तिप्पट.

जोडांवर सीम सीलर, त्याआधी इपॉक्सी प्रायमर. लांबवलेल्या चासीच्या आतल्या बाजूला मेण किंवा अंडरकोट फवारायला वर छिद्र ठेवा, आणि पाणी जायला खाली.

ब्रेक, टाकी आणि पहिली चाचणी

लांबलेल्या चासीसाठी ब्रेकची लाइन ४.७५ मिमीच्या स्टील किंवा तांबे-निकेलच्या नळीची, डबल फ्लेअर करून, मधे कमीत कमी जोड. साधं तांबं कंपनाने कडक होऊन तडकतं. हँडब्रेकची केबल आणि पेट्रोल लाइनही तेवढीच वाढवा, हे हटकून विसरलं जातं. जुनी टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्ड करू नका, आतली वाफ उरलेली असते. रेडिएटरच्या फॅनभोवतीचं आवरण अडतं म्हणून काढलं तर चढावर इंजिन तापतं, म्हणून ते कापून-जोडून बसवा पण ठेवा.

पत्रा रंगवण्यापूर्वी गाडी पिळून पाहा. एक पुढचं चाक आणि तिरकं समोरचं मागचं चाक सुमारे ५०० मिमी उंच ठोकळ्यांवर चढवा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर कुठे घासतो, ब्रेकचा होज ताणतो का, लटकलेल्या बाजूला स्लाइडिंग स्प्लाइन किती बाहेर येते, केबिन आणि डाल्यातली फट किती उरते, हे चारही खडूने लिहून घ्या. अडचण सापडली तर कापायला अजून वेळ आहे.

मग लो गिअरमध्ये रिकाम्या मैदानात तासभर. ५० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट, केबिनचे माउंट आणि चाकाचे नट पुन्हा आवळा. नवे पाटे बसतात तसे यू-बोल्ट हटकून सैल होतात. पहिल्यांदा पाण्यातून गेल्यावर त्याच संध्याकाळी दोन्ही डिफरन्शियलचे भरायचे प्लग उघडून बोट बुडवा. तेल पांढुरकं, ताकासारखं दिसलं तर गाडी पुढे चालवू नका, आधी तेल बदला आणि मग सील कुठलं गेलं ते शोधा.